रस्ता शेवटी करायचा

विचारणारा मुलगा बत्तीस वर्षांचा आहे. तालमीतला, गेल्या दोन महापुरांत बोटीवर राबलेला. कोल्हापूर महापालिकेच्या जानेवारी 2026 च्या निवडणुकीसाठी त्याची उमेदवारी जवळपास पक्की झालीय. त्याच्या प्रभागाचा अर्धा भाग नदीकडच्या जुन्या पेठेतला, अर्धा वरचा, कॉलन्या आणि अपार्टमेंटचा. एकवीस कलमी जाहीरनाम्याचा कच्चा खर्डा त्यानं पाठवलाय आणि विचारलंय, "सर, यातलं आधी काय धरू? आणि पाच वर्षांत खरंच होण्यासारखं काय आहे?"

मी स्थापत्य अभियंता. चौतीस वर्षं निरनिराळ्या नगरपालिकांत रस्ते, गटारी आणि पाणी एवढंच केलं. नगरसेवक पुष्कळ बघितले. चांगले, वाईट आणि नुसतेच. तू माझ्या धाकट्याच्या वयाचा, म्हणून अरे-तुरे करतो, राग मानू नको.

खर्डा वाचला. पहिलं कलम स्वागत कमान, दुसरं सगळे रस्ते नवे, तिसरं ओपन जिम, सातवं सीसीटीव्ही. पाणी अकराव्या नंबरावर, ड्रेनेज सतराव्या. कागद खालून वर वाचला तर बरा जाहीरनामा आहे. रस्ता हवाच, लोक त्याच्याच नावानं ओरडतात हेही खरं. पण रस्ता शेवटी करायचा.

माझ्या नोकरीचं चौथं वर्ष होतं. गावाचं नाव सांगत नाही. बाजारपेठेतला साडेतीनशे मीटरचा रस्ता मी स्वतः उभा राहून करून घेतला. मार्चअखेर होती, निधी परत जाणार म्हणून घाई. खालची पाण्याची लाइन बिडाची, पार जुनी, जागोजागी गळणारी. ड्रेनेजचे चेंबर खचलेले. सगळं ठाऊक होतं. पण पाइपांचं काम दुसऱ्या हेडमध्ये, म्हणजे खर्चाच्या वेगळ्या खात्यात, त्याची मंजुरी यायला पुढचा नोव्हेंबर उजाडला. आठ महिन्यांच्या रस्त्याला मधोमध चर मारली. ती बुजवताना माती थराथरानं दाबली नाही, अवकाळी पावसात खचली, आणि एक वयस्क गृहस्थ सायकलसकट आत गेले. मनगट मोडलं. त्यांचा मुलगा ऑफिसात आला, आवाज न चढवता म्हणाला, "साहेब, पाइप घालायची हाय हे तुम्हाला माहीत नव्हतं व्हय?"

माहीत होतं. म्हणून तुला सांगतोय.

कुठलीही गल्ली घे. सगळ्यात खोल ड्रेनेजची लाइन असते, तिच्या वर पाण्याची, कडेला पावसाचं पाणी वाहून नेणारा चॅनेल, मग कुणाकुणाच्या केबली, आणि या सगळ्याच्या डोक्यावर रस्ता. काम खालून वर करत जायचं. हे शहाणपण कुणाला नवीन नाही. तरी उलटं होतं, कारण प्रत्येक थराचं खातं वेगळं, हेड वेगळं, ठेकेदार वेगळा आणि नारळ फोडणारा वेगळा. या सगळ्यांना एका गल्लीच्या तोंडावर एकत्र उभं करणारा माणूस व्यवस्थेत नेमलेलाच नाही. नगरसेवकाचं खरं काम तिथं आहे. आदेश द्यायचे अधिकार तुला नसतील. कायद्यानं अंमलबजावणी आयुक्तांच्या हातात असते, तू ठराव करू शकतोस, प्रश्न विचारू शकतोस, पाठीस लागू शकतोस. पण कुठलं काम आधी आणि कुठलं नंतर, हे बहुतेक वेळा नगरसेवकाच्या रेट्यावरच ठरतं. तुझी खरी ताकद एवढीच आहे आणि ती थोडी नाही.

आता जुन्या पेठेतलं एक घर दाखवतो. तुझ्याच भागातलं समज. माझ्या ओळखीच्या एक आजी आहेत, ऐंशीच्या पुढच्या. त्या म्हणतात, "आदी तीन पायऱ्या चढून घरात याय लागायचं, आता दोन उतरून याय लागतंय." घर खचलेलं नाही, रस्ता वर आलाय. दर चार-पाच वर्षांनी जुन्या डांबरावर नवा थर, दर थराला चार-पाच सेंटीमीटर, मधे कधी खडीचा भर. तीस-चाळीस वर्षांत रस्ता जोत्याच्या वर गेला. आजींच्या चौकटीला दोन्ही बाजूंना खाचा पाडल्यात. जूनमध्ये त्या खाचांत फळी बसवायची, फळीच्या बुडाला जुनं लुगडं कोंबायचं, बाहेरून वाळूची दोन पोती. फळीवर पाण्याच्या रेघा आहेत, एकावर एक. दर "विकासकामा"नंतर वरची रेघ थोडी आणखी वर.

म्हणून जुन्या भागात डांबरीकरणाचं काम आलं की अंदाजपत्रकात जुना थर खरवडून काढण्याचं काम धरलंय का ते बघ. मिलिंग म्हणतात त्याला. धरलं नसेल तर सही करायच्या आधी विचार. आणि उतार. रस्ता मधोमध किंचित उंच, कडेला उतरता हवा, आपल्याकडच्या पावसाला मीटरमागे अडीच सेंटीमीटरच्या आसपास. हे बघायला अभियंता लागत नाही. काम झाल्यावर बादलीभर पाणी मधे ओत आणि ते कुठं जातंय बघ. चॅनेलकडं गेलं तर ठीक. आजींच्या फळीकडं गेलं तर बिल थांबवायला सांग. डांबराला पाणी सोसत नाही, साचलेलं पाणी आणि वरून वाहनं, की खडी सुटायला लागते. आपण खड्ड्याला शिव्या देतो, पण बहुतेक खड्डे आधी डबकी असतात.

ठेकेदारावर झालेल्या कामाची ठराविक वर्षं जबाबदारी असते, दोषदायित्व कालावधी. त्याची अनामत तोवर पालिकेकडं असते. तरी गल्लीतल्या कुणाला ते माहीत नसतं आणि खड्डा पडला की पवडीची, म्हणजे पालिकेच्या दुरुस्तीच्या कामावरची, माणसं येऊन पालिकेच्याच खर्चानं खडी टाकून जातात. प्रत्येक रस्त्याच्या तोंडाला एक लहान पाटी लाव: काम कधी झालं, जबाबदारी कधीपर्यंत. तुझा फोटो नको. फोटो असला की पाटी डिजिटल फलकासारखी दिसते आणि कुणी वाचत नाही.

पाच वर्षांचा हिशेब आधी नीट घाल. आपल्याकडं जून ते सप्टेंबर उकरायचं काम होत नाही. सणवार, आचारसंहिता, निविदेला प्रतिसाद नाही म्हणून मुदतवाढ, हे धरलं तर वर्षातले पाच-सहा महिने कामाचे. पहिलं वर्ष अंदाजपत्रकं करण्यात जातं, शेवटचं पुन्हा निवडणुकीत. मागणी, मग एस्टिमेट, तांत्रिक मंजुरी, प्रशासकीय मंजुरी, निविदा, कार्यादेश, एवढ्या पायऱ्या चढून फावडं मातीला लागायला सहा-आठ महिने सहज जातात. म्हणजे तुझ्या हातात पाच वर्षं नाहीत, तीन उन्हाळे आहेत, फार तर चार. एकवीस कलमं तीन उन्हाळ्यांत बसव बघू.

शिवाय प्रभाग आता एकट्याचा नाही. पूर्वी शहराचे 81 प्रभाग आणि 81 नगरसेवक होते. 2011 च्या जनगणनेत शहर 5 लाख 49 हजारांचं, म्हणजे एका नगरसेवकाकडं पावणेसात हजार माणसं. घरटी ओळख असायची, कुणाच्या घरात बारसं आणि कुणाच्या घरात आजारपण हे नगरसेवकाला ठाऊक. आता सदस्य तितकेच, पण प्रभाग 20, चार-चार जणांचे आणि एक पाच जणांचा. सरासरी साडेसत्तावीस हजार लोक आणि त्यांचे चार कारभारी. फायदा एवढाच की लांबलचक नाला किंवा पाण्याची पूर्ण लाइन एका प्रभागात येते, पूर्वी ती तीन हद्दींत तुटायची. तोटा उघड आहे. तक्रार घेऊन आलेल्या वहिनींना चौघंही "ते दुसऱ्यांचं बघा" म्हणणार. निवडून आलात तर पहिल्या आठवड्यात चौघांनी बसून प्रभाग आपसांत वाटून घ्या, कुठली गल्ली कुणाकडं, आणि तो कागद प्रत्येक तालमीच्या, मंडळाच्या फळ्यावर चिकटवा. चौघं वेगवेगळ्या पक्षांचे निघाले तरी. तेव्हा तर जास्तच.

नोव्हेंबर 2020 मध्ये मागच्या सभागृहाची मुदत संपली, त्यानंतर पाच वर्षं प्रशासक. लोकांना नगरसेवक म्हणजे काय तेच विसरायला झालंय. गटर तुंबलं की थेट विभागीय कार्यालयात जायचं, नाहीतर व्हॉट्सॲपवर फोटो टाकायचा. ही सवय मोडू नको. तक्रार कार्यालयात जाऊ दे, तिचा नंबर मिळू दे, तू त्या नंबराचा पाठलाग कर. नाहीतर सकाळी सात वाजता मुकादमाला फोन लावण्यातच तुझी पाच वर्षं जातील. मुकादम ऐकेलही, पण दुसऱ्या गल्लीतली दोन माणसं काढून तुझ्या गल्लीत पाठवेल.

पाण्याचं बघू. काळम्मावाडी धरणाची थेट पाईपलाईन, सुमारे 53 किलोमीटरची. नोव्हेंबर 2023 मध्ये ते पाणी शहरात आलं, लोकांनी दिवाळीत गुलाल उधळला. त्यानंतरही कित्येक भागांत नळाला करंगळीएवढी धार का, हा प्रश्न तुला प्रचारात दहा वेळा ऐकू येईल. उत्तर साधं आहे. धरणातून पुईखडीच्या शुद्धीकरण केंद्रापर्यंत येणं एक, आणि पुईखडीतून तुमच्या माडीवर चढणं दुसरं. टाक्या कुठं, टाकीपासूनची वितरण लाइन किती इंची, कुठली गल्ली कुठल्या टाकीवर, मधे गळती किती, ही सगळी गावातली कामं आहेत. "मुबलक पाणी देऊ" असं लिहू नको. तुझ्या प्रभागात कुठल्या तीन गल्ल्या सगळ्यात शेवटच्या टोकाला आहेत ते शोध आणि त्यांचीच नावं लिही.

आणखी एक गोष्ट, जी जाहीरनाम्यात कधीच नसते. जुन्या भागात नळाचं कनेक्शन गटार ओलांडून घरात जातं, बरेचदा गटारीतूनच. पाणी चालू असतं तेव्हा पाइपात दाब असतो, घाण आत शिरत नाही. पाणी बंद झालं की पाइप रिकामा होताना आत ओढ तयार होते, आणि गंजलेल्या लोखंडी पाइपाला सुईएवढं भोक असलं तरी गटारीचं पाणी आत येतं. दुसऱ्या दिवशी पहिली पाच मिनिटं जे पिवळट येतं ते बरेचदा हेच. मोठी योजना कितीही शुद्ध पाणी आणो, कावीळ आणि जुलाब बरेचदा या शेवटच्या सहा फुटांत होतात. गटार ओलांडणारी कनेक्शनं बदलून पाइप केसिंगमधून, म्हणजे बाहेरच्या जाड पाइपातून, गटारीच्या वरून नेणं हे स्वस्त काम आहे. गल्लीमागे फार तर दोन-चार दिवस. उद्घाटन करता येत नाही म्हणून कुणी करत नाही.

निधीचंही असंच आहे. आमदार निधी, खासदार निधी, जिल्हा नियोजनचा पैसा बहुतेक दिसणाऱ्या कामावर येतो: रस्ता, सभागृह, पेव्हिंग ब्लॉक. त्यात गैर काही नाही, फित कापायला काहीतरी लागतंच. तेव्हा तुझा ऐच्छिक निधी नेमका तिथं घाल जिथं फित बांधायला जागा नाही. चेंबर, क्रॉस ड्रेन, चॅनेलचं तोंड, गटारीतली कनेक्शनं. वर्षाच्या शेवटी पाच गल्ल्यांत पाणी तुंबणं बंद झालं तर लोकांना कळतं. नावासकट कळतं. मी एका नगरपालिकेत असताना एक नगरसेविका होत्या, त्यांनी पहिली तीन वर्षं एकही रस्ता केला नाही, लोक तोंडावर बोलायचे. चौथ्या वर्षी सगळे रस्ते एकदम केले. ते पुन्हा उकरावे लागले नाहीत. त्या पुढच्या निवडणुकीत पडल्या, हेही सांगतो. प्रभागाचं आरक्षण बदललं, शेजारच्या प्रभागात उभ्या राहाव्या लागल्या. तिथल्या लोकांनी त्यांचे रस्ते बघितले नव्हते.

महापुराबद्दल तुला मी काय सांगणार, तू बोटीवर होतास. पण बोटीवर असलेला माणूस पाणी आल्यावरचं बघतो, नगरसेवकाला पाणी येण्याआधीचे दोन दिवस बघायचे असतात. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर 39 फूट इशारा पातळी, 43 फूट धोका पातळी, हे कोल्हापुरातलं शेंबडं पोरही सांगेल. 2019 ला पाणी 55 फुटांच्या पुढं गेलं, 2021 ला 56 च्या पुढं. प्रश्न असा की बंधाऱ्यावर 41 फूट असताना तुझ्या प्रभागात कुणाच्या उंबऱ्याला पाणी लागतं? 44 ला कुणाच्या? 47 ला कुठला रस्ता बंद होतो? हे कुठल्याही ॲपवर मिळत नाही. ते लोकांच्या डोक्यात आहे. वहीत फुटाफुटाचा तक्ता कर, एका बाजूला बंधाऱ्याचा आकडा, दुसऱ्या बाजूला घर. विजेच्या खांबांवर, शाळेच्या भिंतीवर रंगानं 2019 आणि 2021 च्या रेघा मारून घे. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडल्याची बातमी आली की लोक व्हॉट्सॲपवर काहीबाही पसरवतात, एक दरवाजा म्हणजे 1428 क्यूसेक, सेकंदाला तेवढे घनफूट पाणी, याचा अर्थ कुणालाच लागत नाही. तुझ्या तक्त्यावरून लागेल. तोसुद्धा अंदाजच, कारण पाऊस, भोगावती आणि कासारीचं पाणी, पुढचा फुगवटा हे सगळं मिळून पंचगंगा चढते.

आणि नदी दारातून येण्याआधी संडासातून येते. जयंती नाल्यात, दुधाळी नाल्यात नदीचा फुगवटा शिरला की ड्रेनेजच्या लाइनीतलं पाणी उलटं फिरतं. रस्ता कोरडा असतो आणि तळमजल्यावरच्या बाथरूममधून काळं पाणी वर यायला लागतं. सखल भागातल्या कनेक्शनांना उलटं पाणी अडवणारा व्हॉल्व्ह बसवता येतो. दरवर्षी मे महिन्यात तो साफ केला तरच चालतो, नाहीतर गाळानं उघडाच राहतो. पुन्हा तेच, बसवायला निधी मिळेल, साफ करायला मिळणार नाही. साफ करण्याचं काम नालेसफाईच्या ठेक्यातच लिहून घे.

एक गोष्ट मात्र तुझ्या खर्ड्यात कुठंच नव्हती, आणि पेठेतल्या माणसाकडून ती राहून जावी याचं आश्चर्य वाटलं: म्हशी. वेळेवर बाहेर न पडणारे लोक हट्टी असतात असं अधिकारी म्हणतात. त्यातल्या निम्म्यांच्या गोठ्यात चार-सहा म्हशी असतात. माणसांना शाळेत गादी मिळते, जनावरांना कोण घेणार? म्हणून बायका-पोरं जातात आणि घरचा गडी पाण्यात म्हशींजवळ थांबतो, आणि मग रात्री दोन वाजता तुमची बोट. वरच्या भागातलं एक मैदान, पाण्याचा टँकर, वैरणीची आधी बोलून ठेवलेली गाडी, एवढं जूनमध्येच ठरलेलं असलं की लोक आपणहून निघतात. याला फारसा निधीही लागत नाही. वरच्या भागातल्या अपार्टमेंटवाल्यांना आठ दिवस शेणाचा वास सहन करायला राजी करणं, हे मात्र राजकारण आहे आणि ते तुलाच करावं लागेल.

नाल्याच्या काठाचं बोलायलाच हवं. तुझ्याकडं कार्यकर्ते येतील, "दादा, जरा नाल्याकडनं शेड वाढवतोय, बघून घ्या." महापालिका अधिनियमातलं कलम 10 (1ड) वाचून ठेव. अनधिकृत बांधकाम स्वतः, बायकोनं किंवा आपल्यावर अवलंबून असलेल्या माणसानं केलं तर नगरसेवकपद जातंच. नगरसेवक म्हणून त्याला मदत केली, किंवा पाडायला आलेल्या अधिकाऱ्याला चिठ्ठी पाठवून अडवलं तरी जातं. नकार द्यायला हे कलम फार उपयोगी पडतं. "माझं पद जाईल रे" म्हटलं की मित्रही समजून घेतो.

वरच्या भागाचा प्रश्न वेगळा आहे. तिथं पाणी तुंबत नाही, तिथं जागा हातातून जातात. विकास आराखड्यात बाग, शाळा, क्रीडांगण, भाजी मंडई अशी आरक्षणं असतात. प्रादेशिक व नगररचना अधिनियमाचं कलम 127 असं सांगतं की आराखडा लागू झाल्यापासून दहा वर्षांत जागा ताब्यात घेतली नाही तर मालक नोटीस देऊ शकतो, आणि नोटिशीनंतर 24 महिन्यांत संपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण उडतं. नोटीस कुणाच्या तरी टेबलावर असते, महिने सरतात, आणि एके दिवशी मैदानावर पत्रे लागतात. मग मोर्चा. मोर्च्याचा तेव्हा काही उपयोग नसतो. आपल्या शहराची हद्द महापालिकेच्या स्थापनेपासून वाढलेली नाही, 66.82 चौरस किलोमीटर तेवढंच. गेलेली जागा पुन्हा मिळत नाही. पहिल्याच महिन्यात नगररचना विभागाकडं लेखी माग: प्रभागातली सगळी आरक्षणं, ताब्यात आलेली किती, 127 च्या नोटिसा कुठं आणि कधीच्या. पैशाची अडचण असेल तर मालकाशी टीडीआरवर, म्हणजे रोख पैशाऐवजी दुसरीकडं वापरता येणाऱ्या बांधकामाच्या हक्कावर, बोलणी होऊ शकते. सगळी वाचणार नाहीत. एक मैदान वाचवलंस तरी ओपन जिमची दहा यंत्रं बसवल्यापेक्षा मोठं काम. त्या यंत्रांचे दांडे तसेही दोन वर्षांत निखळतात आणि वाळत घातलेल्या कपड्यांना उपयोगी पडतात.

कचऱ्याचं फार बोलत नाही. कोंडाळा हलवला तरी कचरा त्याच कोपऱ्यावर पडतो, कारण घंटागाडी साडेनऊला येते आणि त्या गल्लीतली नवरा-बायको दोघंही नऊला कामावर गेलेली असतात. कोपऱ्यावर कॅमेरा लावण्याआधी गाडीची वेळ बदलून बघ. ओला-सुका वेगळा करून दिलेला कचरा गाडीत एकत्र पडताना लोकांनी एकदा जरी बघितला, तर पुन्हा ते वेगळा करत नाहीत, तेव्हा आधी गाडीत कप्पा आहे का बघ, मग प्रबोधन. बावड्याच्या झूमवर, म्हणजे कचरा डेपोवर, काय साठलंय ते एकदा जाऊन डोळ्यांनी बघून ये, निवडून यायच्या आधीच. भटक्या कुत्र्यांबद्दल "बंदोबस्त करू" असं लिहू नको. नसबंदी आणि लस याचा वेग वाढवता येतो. पार्किंग चार नगरसेवकांच्या आवाक्यातलं नाही, पोलिसांबरोबर बसल्याशिवाय त्यात काही हलत नाही.

शाळेचं मात्र लिही. महापालिकेच्या शाळा म्हणजे गरिबांच्या, रिकाम्या, असं समजणाऱ्यांना जरगनगरला पाठवायला हवं. तिथल्या महापालिकेच्या शाळेत प्रवेशासाठी पालक रांगा लावतात. म्हणजे होऊ शकतं. तुझ्या प्रभागातल्या शाळेत मुलींच्या स्वच्छतागृहाला पाणी येतं का, एवढ्या एका प्रश्नापासून सुरुवात कर. प्राथमिक शाळा, दिवाबत्ती, पाणी, मलनिस्सारण, दवाखाने ही कलम 63 खालची बंधनकारक कामं आहेत. स्वागत कमान त्यात येत नाही.

कमानीवरून आठवलं. तालमीतली पोरं नाराज होतील, मला माहीत आहे. त्यांना सांग की कमानीचे पैसे तालमीच्या मागच्या गटारीत घातले. विनोदानं सांगितलंस तर चालून जाईल, गटार वाहायला लागल्यावर तर नक्कीच.

आता पाऊस नाही, त्यामुळं पाणी कुठून वाहतं ते तुला प्रत्यक्ष दिसणार नाही. पण त्याच्या खुणा दिसतात. भिंतींवरचा शेवाळाचा पट्टा, दाराच्या चौकटीतल्या खाचा, रस्त्यात एकाच जागी पुन्हा पुन्हा भरलेला खड्डा. प्रचाराला दारोदार फिरणारच आहेस, तर हे बघत फीर. हात जोडायच्या आधी उंबऱ्याकडं बघ.

आणि हे सगळं करण्याआधी एक सकाळ पाणी सोडणाऱ्या चावीवाल्याबरोबर काढ. मी माझ्या शेवटच्या गावात अशाच एकाबरोबर महिनाभर फिरलो होतो. पहाटे चारला सायकल, कॅरिअरला पुरुषभर उंचीची लोखंडी चावी, वरचा दांडा हातांनी घासून चकचकीत झालेला. नकाशा नाही, वही नाही. खांबापासून चार पावलं, मग डावीकडं एक, तिथं पायानं माती सारली की व्हॉल्व्हचं झाकण. किती आटे फिरवायचे ते बोटांना ठाऊक: या गल्लीला अकरा, त्या चढाला पूर्ण उघडा, आणि दवाखान्याकडचा कधीच पूर्ण बंद करायचा नाही. एका चौकात तो थांबला, चावीच्या टोकानं रस्त्यावर ठोकत राहिला आणि म्हणाला, "साहेब, हितं दोन होते. गेल्या साली डांबराखाली घातले तुमी." त्यातला एक त्यानं रात्री पहारीनं उकरून काढला होता, कुणाला न विचारता. दुसरा अजून सापडला नव्हता, म्हणून मागच्या तीन गल्ल्यांना वर्षभर निम्मंच पाणी जात होतं आणि ऑफिसात फाइल होती "कमी दाबाच्या तक्रारी" म्हणून. तो माणूस दोन वर्षांनी निवृत्त होणार होता. आम्ही महिनाभरात त्याच्या डोक्यातले त्र्याहत्तर व्हॉल्व्ह कागदावर उतरवले.

तुझ्या प्रभागातला चावीवाला कोण आहे ते विचारून घे. पहाटे जा, एकटा जा, गळ्यात पक्षाचा पट्टा नको. वही, पेन आणि बॅटरी ने, आणि परतताना त्याला चहा-भजी दे. पहिल्या दिवशी तो जास्त बोलणार नाही.